कोपी

कोपी : ऊसतोडीच्या हंगामात तोडणी मजूर फडाजवळ (तोडणीच्या उसाच्या शेताजवळ) किंवा कारखान्याच्या तळावर उभारतात ते बांबू, चटई, पाचट (उसाची वाळलेली पाने) आणि प्लास्टिकच्या कागदाचे घर. ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सुटे होऊन जाते, उतरल्या दिवशी उभे राहते आणि हंगाम सरला की पुन्हा सुटून गाडीत चढते. बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, वडवणी, धारूर, केज, परळी या तालुक्यांत कोपी ठाऊक नाही असे गाव सापडणे कठीण. जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतूनही टोळ्या निघतात. कागदोपत्री कोपी तात्पुरती समजली जाते. पण वर्षातले पाच-सहा महिने जिथे चूल पेटते, लेकरे वाढतात, आजारपणे निघतात आणि कधी बाळंतपणही होते, त्या जागेला तात्पुरती म्हणणे जरा सोयीचेच आहे.

सहकारी साखर कारखानदारी १९५० मध्ये प्रवरानगरला सुरू झाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्राच्या बागायती पट्ट्यात पसरली. ऊस तिकडे, माणसे इकडे, अशी विभागणी झाली. बालाघाटाच्या रांगांमधली जमीन हलकी आणि कोरडवाहू; खरिपाची बाजरी-कापूस निघाला की हाताला काम नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट आणखी रुळली. आजही दसरा झाला की गावागावांत गाड्या लागतात आणि दिवाळीच्या आगेमागे गावे ओस पडतात. टोळ्या सोलापूर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगरकडे जातात. बेळगाव-बागलकोटकडे कर्नाटकात जातात. काही मराठवाड्यातल्याच कारखान्यांवर थांबतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची आणि ती हंगामभर तोडून फेडायची, असा व्यवहार. दिवाळीचे कपडे, घरी राहणाऱ्या म्हाताऱ्यांचा किराणा, जुनी देणी, सगळे याच उचलीतून भागते. कोपीचा नवा कागदही त्यातूनच येतो, म्हणून तो बेताचाच असतो.

कोपी कशी बांधायची हे टोळीच्या प्रकारावर ठरते. गाडी सेंटरचे मजूर बैलगाडीने ऊस वाहतात. बैल दमेल इतक्या लांबचा फड त्यांना परवडत नाही, त्यामुळे ते कारखान्याच्या आसपास मोठा तळ करून राहतात. कोप्यांच्या रांगा, समोर बैलांची दावण, कडेला टायरगाड्या. जागा सहसा हंगामभर बदलत नाही, म्हणून या कोप्या जास्त निगुतीने बांधलेल्या असतात: चटईच्या भिंती, वर पाचटाचा जाड थर, दारापुढे सारवलेले अंगण, एखाद्या ठिकाणी तुळसही. डोकी सेंटरची गोष्ट वेगळी. हे मजूर उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहून फळीवरून ट्रकमध्ये किंवा ट्रॉलीत चढवतात. एका शिवारातला ऊस संपला की टोळी पुढच्या गावाला हलते, आणि कोपीही हलते. एका हंगामात ती कैक वेळा सुटते आणि बांधली जाते. असल्या कोपीत पाचट कमी, कागद जास्त, भिंती नावापुरत्या. हलकी असली तरच ती रात्रीच्या आत सोडून गाडीत टाकता येते.

गाडीत सामान भरण्याची रीत ज्याच्या त्याच्या हातात बसलेली असते. बांबू लांब, म्हणून ते ट्रॉलीच्या कडेने आडवे बांधले जातात. तळाला धान्याची पोती. घरची बाजरी-ज्वारी जितकी नेता येईल तितकी नेतात, कारण तिकडे विकत घेतलेल्या प्रत्येक किलोने उचल फिटायचे लांबते. पोत्यांवर पत्र्याची पेटी, हंडे-कळशा, तवा, काटवट, गोधड्यांचे गाठोडे. कोंबड्या टोपलीखाली, शेळी मागच्या फळीला बांधलेली. सगळ्यांच्या वर माणसे. घाटातून रात्री जाणारी अशी ट्रॉली पाहिली की दोन-चार घरांचा संसार एकावर एक रचलेला दिसतो. प्रवासात अपघात होतात तेव्हा मार बसतो तो याच वर बसलेल्यांना.

बांधणी अशी. जागा मुकादम किंवा शेतकरी दाखवतो. बहुतेक वेळा ती बांधाकडेची, ओढ्याकाठची, पिकाला निरुपयोगी असते. पहारीने हातभर खोल खड्डे घेऊन दोन बाजूंना मेढी (दुबेळक्याचे खांब) पुरतात, त्यावर आढे, म्हणजे माथ्याचा आडवा बांबू, टाकतात आणि दोन्ही अंगांनी बांबू किंवा कामट्या तिरप्या टेकवून सुतळीने आवळतात. दुसरी पद्धत गोल घेराची: बांबू वर्तुळात रोवून वरची टोके एकत्र बांधायची. काही कारखाने बांबू आणि चटया पुरवतात. बाकीचे मजुरांनी आपापले आणायचे. आढे माणसाच्या उंचीच्या जवळपास असते, दार मात्र कमरेएवढे. आत वाकून शिरावे लागते आणि मधोमध सोडून उभे राहता येत नाही. उंची वाढवली तर वारा धरतो आणि बांबूही जास्त लागतात. आढ्याचा बांबू निवडताना बाई तो हाताने दाबून बघते, कारण तान्हे लेकरू असेल तर लुगड्याची झोळी त्यालाच टांगायची असते.

कागद बांधण्यातले कसब लांबून दिसत नाही. कागदाला भोक पाडून दोरी ओवली तर पहिल्या वाऱ्यालाच तिथून चिरत जातो. म्हणून कोपऱ्यात लिंबाएवढा खडा ठेवून त्यावर कागद गुंडाळायचा आणि खड्याच्या मागे दोरीचा फास आवळायचा. ओढ खड्यावर येते, कागद शाबूत राहतो. खालची कड मातीत दाबून वर दगड किंवा उसाच्या कांड्यांचे ओझे ठेवतात. दुपारी कोपी तापली की एका बाजूची कड उचलून वारा घ्यायचा, रात्री पुन्हा दाबायची.

उन्हाने प्लास्टिक कडक होते आणि घडीवर तडकते. त्यामुळे जुन्या कोपीत कागद नेमका घडीच्या रेषेवर गळतो. अनुभवी बायका दरवर्षी घडी वेगळ्या जागी पाडतात. कागदावर पाचट अंथरले तर ऊन थेट लागत नाही, आत गारवा राहतो, कागद जास्त टिकतो. पाचट फडात हवे तितके पडलेले असते. तेच पाचट जमिनीवर पसरून वर गोधडी टाकली की डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत जमिनीचा गारठा अंगाला लागत नाही. मात्र उंदीर त्यातच घर करतात, आणि उंदरांमागे साप येतो. म्हणून अंथरलेले पाचट अधूनमधून बाहेर काढून, झटकून, नवे घालावे लागते. ऊसपट्ट्यात काही ठिकाणी बिबट्याचीही भीती असते. लेकरांना कोपीच्या आतल्या अंगाला निजवतात.

खरी परीक्षा अवकाळी पावसाची. काळ्या रानात पुरलेली मेढ चिखल झाला की हलते, वाऱ्याने कोपी एका अंगावर कलते. जाणती टोळी उतरल्या दिवशीच कोपीभोवती वितभर खोल चर मारून त्याचे तोंड उताराला काढते. ज्यांनी कंटाळा केला त्यांची धान्याची पोती पहिल्या सरीत भिजतात, आणि भिजलेली बाजरी दोन दिवसांत वास मारू लागते. पोती विटांवर किंवा उसाच्या मोळीवर उचलून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय. पावसात फडात गाडी जात नाही, तोडणी बंद पडते, त्या दिवसाची मजुरी बुडते. कोपी सावरण्यात मात्र दिवस जातो.

आगीचे भय कायम असते. वाळलेले पाचट, प्लास्टिक आणि सुतळी यांना एक ठिणगी पुरते. यासाठी चूल दाराबाहेर, वाऱ्याने ठिणगी कोपीकडे उडणार नाही अशा अंगाला मांडतात, आणि स्वयंपाक झाला की निखाऱ्यांवर पाणी मारतात. गारठ्यात किंवा पावसात चूल आत घेण्याचा मोह होतो. कोप्या जळाल्याच्या बातम्या येतात त्यात अशी चूल, कलंडलेली रॉकेलची चिमणी किंवा शेजारच्या फडात पेटवलेले पाचट असते. रांगेतल्या कोप्या एकमेकींना खेटून असल्या की एकीबरोबर चार जातात. दोन कोप्यांत बैलगाडी जाईल एवढी जागा सोडावी असा जुन्या मुकादमांचा दंडक असतो. तो पाळायचा तर जागा मुळात तेवढी मिळायला हवी.

या सगळ्या डागडुजीचा पैसा कुणाच्याच हिशेबात नाही. मजुरी टनावर मिळते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तीही टनावरचीच. कोपी बांधायचा, सोडायचा आणि हलवायचा दिवस बिनपगारी. रोजची निगा बाईच्या वाट्याला येते: पहाटे तीन-चारला उठून पाणी, भाकरी, लेकरांचे आवरणे, मग दिवसभर फड, रात्री गाडी भरून आल्यावर पुन्हा चूल. सारवण, गोधड्या उन्हात टाकणे, फाटलेल्या कागदाला तुकडा जोडणे हे सगळे खाड्याच्या, म्हणजे कामावर न गेलेल्या, दिवशी किंवा गाडी उशिरा येईल त्या वेळात. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून आलेल्या पैशातून सुतळी, कागद, चार्जिंगचा दिवा अशी बारीकसारीक खरेदी होते.

कोपीत न्हाणीघर नसते आणि संडासही नसतो. आंघोळीला चार काठ्यांना जुने लुगडे गुंडाळून आडोसा करतात, तोही अंधारात वापरायचा. पाण्याची सोय विहिरीची, पाटाची किंवा टँकरची. मासिक पाळीत याचे हाल वेगळे सांगायला नकोत. बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या चर्चेत दवाखाने आणि खाड्याचा दंड पुढे आले. धुवायला पाणी आणि आडोसा न देणाऱ्या कोपीवर त्या मानाने कमी बोलले गेले.

मार्च-एप्रिल २०२० च्या टाळेबंदीने कोपी एकदम बातम्यांत आणली. गाळप थांबले, गाड्या थांबल्या आणि टोळ्या होत्या तिथेच अडकल्या. ३८ कारखान्यांच्या परिसरात सुमारे १ लाख ३१ हजार मजूर असल्याचे तेव्हा सांगितले गेले. १७ एप्रिलला राज्य सरकारने तपासणी करून त्यांना गावी सोडायला परवानगी दिली. हिवाळ्यासाठी बांधलेल्या कोप्यांत एप्रिलचे ऊन काढायचे म्हणजे काय, हे कागदाखाली बसल्याशिवाय कळत नाही.

लेकरांचा प्रश्न कोपीशीच जोडलेला आहे. आई-बाप फडात आणि मोठी मुलगी कोपी राखायला, म्हणजे तिची शाळा गेली. कोपीला कुलूप लागत नाही. लागते ते पेटीला. औरंगाबादच्या जनार्थ संस्थेने कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा, म्हणजे मजुरांच्या मुलांसाठी हंगामी शाळा, चालवल्या, त्यांचा उपयोग गाडी सेंटरच्या मुलांना झाला. सतत हलणाऱ्या डोकी सेंटरला शाळा गाठणे अवघडच होते. शिक्षण हक्क कायदा आल्यावर मुलांना गावातच ठेवण्यावर भर आला आणि हंगामी वसतिगृहे सुरू झाली. २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांसाठी ८२ वसतिगृहे मंजूर झाली. ऊसतोड मजुरांसाठीच्या कल्याणकारी महामंडळाला गोपीनाथ मुंडे यांचे नाव दिलेले आहे.

निवाऱ्याबद्दल कायदा बोलतो, पण तुटक. आंतरराज्य स्थलांतरित मजुरांच्या १९७९ च्या कायद्यात कंत्राटदाराने योग्य निवासाची सोय करावी असे होते. तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी. धारूरचा कोयता बेळगावला गेला तर तो कायद्यात बसत होता, कोल्हापूरला गेला तर नाही. काही कारखान्यांनी पत्र्याच्या खोल्या बांधल्या आहेत. त्या कारखान्यापाशी असतात, तेव्हा त्यांचा लाभही गाडी सेंटरलाच. डोकी सेंटरला पक्की खोली द्यायची तर ती चाकांवर द्यावी लागेल. ऊस तोडणारे हार्वेस्टर वाढत चालले आहेत आणि त्यामुळे कोयते कमी होतील असे म्हणतात. पण लहान, वेड्यावाकड्या फडांत यंत्र वळत नाही, तिथे अजून टोळीच लागते.

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगामाचे गाळप संपले, की कोपी सुटते. चांगले बांबू आणि कागद गाडीत चढतात, पाचट जागेवरच राहते आणि शेतकरी ते पेटवतो किंवा कुजवतो. गावी आल्यावर कागद रिकामा बसत नाही. कडब्याच्या गंजीवर, गळक्या पत्र्यावर किंवा शेळ्यांच्या खोपटावर तो पावसाळा काढतो. दसऱ्याला उतरवून पाहिल्यावर ज्यात आरपार उजेड दिसतो तो टाकून द्यायचा, उरलेल्याला नवा तुकडा जोडायचा आणि मुकादमाच्या फोनची वाट पाहायची.