फिरणारा ढग आणि उडालेला मलबा : रडारवरच्या दोन खुणांमधला फरक

२७ एप्रिल २०११ या एका दिवसात अमेरिकेच्या आग्नेय भागात २०० हून अधिक टोर्नेडो (ढगातून जमिनीपर्यंत पोहोचणारे वाऱ्याचे वेगवान भोवरे) झाले आणि ३०० हून अधिक माणसे दगावली. त्यातही सर्वाधिक हानी अलाबामा राज्याची झाली. त्या संध्याकाळी टस्कलूसा शहरातून बर्मिंगहॅमकडे गेलेल्या टोर्नेडोची रडारचित्रे आजही अभ्यासली जातात. त्यांत दोन खुणा ठळक दिसतात : वेगाच्या चित्रात एकमेकांना खेटून असलेले लाल आणि हिरवे ठिपके, आणि पावसाच्या चित्रात आकड्यासारख्या (हुकासारख्या) वळलेल्या शेपटाच्या टोकाशी असलेला गडद गोळा. या दोन्हींचे वर्णन सर्रास ‘रडारवर टोर्नेडो दिसला’ असेच केले जाते. वस्तुतः त्या दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि त्यांतली कोणती आधी दिसते हे समजणे जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

लाल-हिरव्या जोडीपासून सुरुवात करू. डॉप्लर रडारला वाऱ्याचा संपूर्ण वेग कळत नाही. पावसाचे थेंब आपल्याकडे येत आहेत की आपल्यापासून दूर जात आहेत आणि किती वेगाने, एवढेच त्याला मोजता येते. प्रचलित रंगयोजनेत दूर जाणारा वारा लाल आणि जवळ येणारा हिरवा दाखवतात. हे दोन रंग अगदी शेजारी आले आणि दोन्हीकडचा वेग मोठा असला, तर मधली हवा स्वतःभोवती फिरत आहे असा अर्थ होतो. मात्र जे फिरताना दिसते ते बहुतेक वेळा सुपरसेल जातीच्या वादळी ढगातले काही किलोमीटर रुंदीचे भ्रमण असते, ज्याला मेसोसायक्लोन म्हणतात. टोर्नेडो स्वतः सहसा काहीशे मीटर किंवा त्याहून कमी रुंद असतो. अमेरिकेच्या नॅशनल वेदर सर्व्हिस या हवामान खात्याच्या रडारचा झोत सुमारे एक अंश रुंद असतो. म्हणजे १०० किलोमीटर अंतरावर तो दीड किलोमीटरहून अधिक पसरलेला असतो आणि पृथ्वीच्या वक्रतेमुळे, सर्वांत खालच्या कोनातही, त्याचा मध्य जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर जातो. त्याखाली काय चालले आहे ते रडारला दिसतच नाही. रडारवर आढळणाऱ्या मेसोसायक्लोनपैकी साधारण चौथा हिस्साच टोर्नेडोला जन्म देतो, त्यामुळे ही खूण शक्यतेची आहे, घटनेची नाही.

तरीही तिला दुय्यम मानणे मोठी चूक ठरेल. २४ मे १९७३ रोजी ओक्लाहोमातल्या युनियन सिटीजवळच्या टोर्नेडोचा संपूर्ण जीवनक्रम संशोधकांनी डॉप्लर रडारने प्रथमच टिपला, तेव्हा घट्ट भ्रमणाची खूण आधी ढगात वर उमटली आणि नंतर खाली सरकली, असे दिसून आले. ती जमिनीवरच्या घटनेच्या पुढे धावते, हेच तिचे मोल आहे. आज जारी होणाऱ्या बहुतेक इशाऱ्यांचा आधार हीच खूण असते आणि अशा इशाऱ्यात धोका ‘रडारवरून सूचित’ असल्याचे नमूद केलेले असते.

दुसरी खूण नेमकी उलट्या बाजूने बोलते. टोर्नेडो जमिनीवर टेकतो, झाडे, पत्रे, विटा आणि घरांची लाकडे उचलून वर फेकतो, आणि झोताच्या उंचीपर्यंत पोहोचलेल्या या मलब्यावरून लहरी परततात; तोच तो गडद गोळा. २०११ साली ही खूण ओळखणे बरेचसे अनुभवावर अवलंबून होते, कारण आकड्याच्या टोकाशी गारांचा किंवा मुसळधार पावसाचा पुंजकाही तसाच गडद दिसू शकतो. अमेरिकेच्या रडारजाळ्याला दुहेरी ध्रुवीकरणाची जोड देण्याचे काम २०१३ मध्ये पूर्ण झाले, तेव्हापासून परिस्थिती बदलली. हे रडार आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी पाठवते आणि परतलेल्या लहरींचा मेळ एका गुणांकात मांडते. नुसत्या पावसात तो १ च्या अगदी जवळ, ०.९७ च्या वर असतो. आकार, दिशा आणि पदार्थ या सर्वच बाबतींत वेडावाकडा असलेला मलबा झोतात आला, की तो सहसा ०.८ च्या खाली घसरतो. पण पक्षी आणि कीटकही हा गुणांक खाली आणतात. म्हणून कमी गुणांक, परतलेल्या लहरींचा जोर आणि वेगाची घट्ट जोडी ही तिन्ही एकाच जागी सापडली, तरच मलब्याची खूण खरी मानतात. मग मात्र शंकेला फारशी जागा उरत नाही.

१० डिसेंबर २०२१ च्या रात्री केंटकीतल्या मेफिल्ड शहरावर गेलेल्या टोर्नेडोच्या बाबतीत या खुणेचा उपयोग स्पष्ट दिसला. अंधारात डोळ्यांनी पाहून खात्री करणे कठीण असताना, मोठा टोर्नेडो जमिनीवर आहे हे पडद्यावर दिसत होते.

इथेच गैरसमजाची जागा आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते. मलब्याची खूण अधिक खात्रीची, म्हणून ती दिसेपर्यंत थांबावे, असे काही जणांना वाटते. पण ती उमटली याचा अर्थ काहीतरी आधीच मोडले आहे. शिवाय मलबा वर चढायला आणि रडारची पुढची फेरी तिथे पोहोचायला वेळ लागतो, आणि त्या मिनिटांत टोर्नेडो काही किलोमीटर पुढे गेलेला असतो. ती न दिसणे हाही दिलासा नाही, कारण उघड्या शेतातल्या टोर्नेडोला उचलायला फारसे काही मिळत नाही आणि रडारपासून दूरच्या टोर्नेडोचा मलबा झोताच्या खालीच राहतो.

खूण ओसरण्याच्या बाबतीतही हाच क्रम आहे : वेगाची खूण आधी, मलब्याची नंतर. टोर्नेडो विरल्यावर लाल-हिरवी जोडी सैल होते, पण वर गेलेले हलके तुकडे वाऱ्याबरोबर वाहत राहतात आणि कमी गुणांकाचा डाग पुढे सरकताना दिसत राहतो. एकामागून एक ढग नवे टोर्नेडो सोडत असलेल्या दिवशी, तो डाग जुन्या टोर्नेडोचा आहे की नव्याचा, हे ठरवण्यासाठी पुन्हा वेगाच्याच चित्राकडे वळावे लागते.