सायलेन्सरचा पाइप रुंद केल्याने पिकअप गाडीची ताकद वाढत नाही
खाऱ्या हवेमुळे कोकणात गाड्यांचे सायलेन्सर लवकर गंजतात आणि पाइप बदलण्याची वेळ आली की ‘जितका रुंद पाइप, तितकी घाटात ताकद’ हा सल्ला रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत हमखास ऐकू येतो. तो चुकीचा आहे. पाइपच्या छेदाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने २ इंचांऐवजी ३ इंची पाइप बसवला, तर ते सव्वादोन पट होते आणि तेवढ्याच धुराचा वेग निम्म्याहून कमी होतो. टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नसलेल्या इंजिनात हाच वेग सिलिंडरमध्ये उरलेला धूर ओढून काढण्यास मदत करतो, त्यामुळे आंबा घाट चढताना इंजिन हळू फिरत असताना त्याचा जोर उलट घटू शकतो. ‘इंजिनाला मागचा दाब (धूर बाहेर पडताना पाइपमधील अडथळ्याने येणारा दाब) हवाच’ हे त्यावर दिले जाणारे उत्तरही खरे नव्हे. उपयोगी असतो तो वेग. टर्बो डिझेल पिकअपमध्ये टर्बोनंतरचा अडथळा कमी असलेला बरा, हे मान्य. पण डिझेलचा पुरवठा मूळचाच असेल, तर फायदा किरकोळ असतो आणि वाढतो तो मुख्यतः आवाज. आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्यांनी मूळ व्यासाचाच, परवडल्यास स्टेनलेस स्टीलचा पाइप घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.