लवकर येणारा हृदयविकार आणि जादा वजनाचा बीएमआय २३ की २५ हा घोळ : पार्श्वभूमी

अंगाने काटक असलेला माणूस पन्नाशीच्या आत अटॅकने जातो, हे मराठवाड्यातील गावांना आता नवे राहिलेले नाही. या प्रश्नाचा शास्त्रीय मागोवा मात्र बराच दूर, सिंगापूरमध्ये सुरू झाला. तेथील शवविच्छेदनांच्या १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकाच शहरात राहणाऱ्या चिनी लोकांपेक्षा भारतीय वंशाच्या लोकांमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार कितीतरी अधिक आढळला. पुढे ब्रिटनमधील दक्षिण आशियाई स्थलांतरितांतही हेच दिसले. जपानी लोकांत मुळात हा आजार कमी. पण हवाई आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्यांत त्याचे प्रमाण वाढलेले आढळले. म्हणजे सगळा दोष रक्ताच्या माथी मारता येत नाही, आणि सगळ्या आशियाई लोकांची एकच सरासरी काढणेही दिशाभूल करणारे ठरते.

५२ देशांतील एका अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांचे पहिल्या झटक्याचे मध्यक वय (निम्म्यांना त्याआधी, निम्म्यांना त्यानंतर झटका) ५३ निघाले, तर इतरांचे ५८च्या पुढे. तंबाखू, मधुमेह, रक्तातील घातक चरबी ही नेहमीचीच कारणे येथे कमी वयात गाठतात, हेच या फरकाचे मुख्य स्पष्टीकरण होते.

खरा घोळ झाला तो बीएमआयच्या, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्याच्या, मर्यादेवरून. जागतिक पातळीवरील तज्ज्ञांच्या बैठकीचा अहवाल २००४ मध्ये आला. आशियातील वेगवेगळ्या लोकसमूहांत जोखीम वाढू लागण्याचा आकडा २२ ते २५ असा बदलत होता. त्यामुळे जादा वजनासाठी २५ आणि लठ्ठपणासाठी ३० या आंतरराष्ट्रीय मर्यादा तशाच ठेवून २३ आणि २७.५ हे केवळ 'कृतीचे टप्पे' म्हणून जोडले गेले आणि पुढचा निर्णय प्रत्येक देशावर सोडला गेला. पुराव्याच्या दृष्टीने ही सावधगिरी समजण्यासारखी असली, तरी व्यवहारात ती कच खाल्ल्यासारखीच ठरली. चीनने त्याआधीच २४ आणि २८ धरले होते. भारतातील तज्ज्ञांनी २००९ मध्ये जादा वजनासाठी २३ आणि लठ्ठपणासाठी २५ ही मर्यादा सुचवली. परिणामी, जालना किंवा बीडमधील १६५ सेंटिमीटर उंचीचा, ६५ किलो वजनाचा शेतकरी एका तक्त्यात ठणठणीत ठरतो आणि दुसऱ्यात जादा वजनाचा.

शिवाय मर्यादा कितीही खाली ओढली, तरी चरबी शरीरात कुठे साठली आहे हे बीएमआय सांगत नाही. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील बाळांचे ३.५, तरीही आपल्या बाळांच्या अंगावरील चरबी त्या मानाने टिकून होती, स्नायू मात्र कमी होते. नेदरलँड्समधील १९४४-४५च्या उपासमारीत गर्भात असलेल्यांचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या महिन्यांत झळ लागलेल्यांत हृदयविकार अधिक आढळला. बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडणाऱ्या आयांच्या पोटी वाढलेली मराठवाड्यातील पिढी आज पन्नाशी ओलांडत असताना हा धागा बाजूला सारणे अवघड आहे.

अमेरिकेतील मार्गदर्शक तत्त्वांनी २०१८ मध्ये दक्षिण आशियाई वंश हा जोखीम वाढवणारा घटक मानला. तेथील जोखीम मोजण्याच्या २०२३च्या नव्या सूत्रातून मात्र वंशाचा निकषच वगळण्यात आला. आपल्याकडे आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो तपासणी-तक्ता भरतात, त्यात पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असलेल्या कंबरेच्या घेराला गुण आहेत; बीएमआयला नाहीत.