पेस्तुम

इटलीच्या कांपानिया प्रांतात, सालेर्नो शहराच्या दक्षिणेस सेले नदीच्या सपाट मैदानात असलेले प्राचीन नगर. इ. स. पू. ६०० च्या सुमारास दक्षिण इटलीतल्याच सिबारिस या ग्रीक नगरातून आलेल्या ग्रीकांनी ते ‘पोसेइदोनिया’ या नावाने वसवले. पुढे ते दक्षिण इटलीतील लुकानी या स्थानिक जमातीकडे गेले आणि इ. स. पू. २७३ मध्ये तेथे रोमन वसाहत झाली. येथील डोरिक (जाड, साध्या खांबांच्या ग्रीक शैलीतील) अशा तीन मंदिरांइतकी शाबूत मंदिरे खुद्द ग्रीसमध्येही थोडीच सापडतील. त्यांतील सर्वांत जुन्या, हेरा या ग्रीक देवीच्या मंदिराच्या दर्शनी बाजूस नऊ खांब आहेत. संख्या विषम असल्याने ऐन मध्यावर खांब येतो आणि समोरून सरळ आत जाताच येत नाही. संग्रहालयात १९६८ साली सापडलेल्या कबरीचे चित्रित झाकण आहे. त्यावर पाण्यात सूर मारणारा एकटा तरुण दिसतो. वेळ कमी असेल तर बाकीची दालने सोडावीत, हे सोडू नये.

गाळाने दलदल वाढली, हिवताप पसरला आणि मध्ययुगाच्या आरंभी नगर ओस पडले. माणसांना नकोशी झालेली ही पाणथळ म्हशींना मात्र मानवली. विसाव्या शतकात जमिनीचा निचरा झाला, पण म्हशी राहिल्या. आज त्यांच्या दुधाच्या मोत्झारेल्ला चीजवर या भागाची बरीच शेती उभी आहे. दूध साकळून झालेला चोथा उकळत्या पाण्यात मऊ करून ताणतात आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीत गोळा तोडतात. तो त्याच दिवशी खावा. फ्रिजमध्ये ठेवला की चव गेलीच.

अवशेष पाहायला आलेले पुष्कळ प्रवासी आसपासच्या शेतांवरच उतरतात. अशा मुक्कामाला ‘आग्रितुरिस्मो’ म्हणतात. इटलीच्या १९८५ च्या व त्याची जागा घेणाऱ्या २००६ च्या कायद्याने हा जोडधंदा ठरतो: शेती मुख्य राहिली पाहिजे आणि ताटात मुख्यतः घरचे व परिसरातले अन्न हवे. शेतावरच्या अशाच मुक्कामांसाठी महाराष्ट्राचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले. पेस्तुमचे रेल्वे स्थानक तटबंदीजवळच आहे, शेते मात्र विखुरलेली. गाडी नसेल तर नेण्या-आणण्याचे यजमानाशी आधीच ठरवावे. मंदिरांच्या आवारात सावली बेताचीच, म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर जाऊन दुपारी शेतावर परतणे बरे.