मनाई केलेले शब्द : गोव्यातील जुनी कागदपत्रे आणि समाजमाध्यमांचे नियम – पार्श्वभूमी

समाजमाध्यमांवरील द्वेषमूलक मजकूर कोणता मानायचा आणि तो कोणी, कोणत्या निकषाने हटवायचा, हा वाद जगभर चालू असला तरी गोव्यात त्याला एक वेगळे वळण आहे. येथे भांडणाचे निमित्त पुष्कळदा आजचे नसतेच. सोळाव्या ते अठराव्या शतकांतील एखाद्या फर्मानाचा, धर्मपरिषदेच्या ठरावाचा किंवा मिशनऱ्याच्या पत्राचा उतारा कोणी तरी फेसबुकवर टाकतो, त्यातील शब्द आजच्या वाचकाला झोंबतात, त्याखाली दोन्ही बाजूंनी शिवीगाळ सुरू होते आणि मग तक्रारी नोंदवल्या जातात. अशा वेळी कंपनीच्या यंत्रणेपुढे एकाच पानावर दोन प्रकारचे अपशब्द असतात: एक कागदातले, काही शतकांपूर्वी लिहिलेले, आणि दुसरे त्याच सकाळी लिहिलेले. या दोहोंत फरक करण्याची व्यवस्था नियमांत किती आहे, हा प्रश्न समजून घ्यायचा तर मागे जावे लागते.

जुन्या कागदांविषयी फार सांगण्याची गरज नाही. १५१० नंतरच्या पोर्तुगीज कारभाराचे दप्तर १५९५ पासून गोव्यात रीतसर जतन होऊ लागले आणि त्याचा मोठा भाग आजही पणजीच्या पुराभिलेखागारात आहे. या दप्तरात हिंदूंचा उल्लेख ‘जेंतियु’ (बिगरख्रिस्ती), ‘मूर्तिपूजक’, ‘अश्रद्ध’ अशा शब्दांनी होतो. जमिनीच्या नोंदींपासून न्यायनिवाड्यांपर्यंत ते शब्द इतक्या सवयीने येतात की लिहिणाऱ्या कारकुनाला त्यात काही विशेष वाटत नसावे. इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मश्रद्धेची चौकशी करून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायसंस्थेचा, १७३६ चा जाहीरनामा याहून वेगळ्या जातीचा आहे. धर्मांतरितांनी लग्नात ओव्या म्हणू नयेत, हळद लावू नये, दारात तुळस ठेवू नये, पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी वापरू नये, अशी घरातल्या माजघरापर्यंत पोहोचणारी यादी त्यात आहे. समाजमाध्यमांवर सर्वाधिक फिरणाऱ्या गोमंतकीय कागदांपैकी हा एक असून, त्याचे कारणही उघड आहे: यादीतील प्रत्येक गोष्ट आजही वाचकाच्या घरात आहे.

मराठी वाचकाने येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, आणि ती सोयीची नाही. १६२९ व १६३४ साली गोव्यात रोमन लिपीत छापल्या गेलेल्या, संत पीटरच्या चरित्रावरील एका ओवीबद्ध ग्रंथात हिंदू देवदेवतांची कठोर निर्भर्त्सना आहे, आणि त्याची भाषा मराठी आहे. याच्या उलट बाजूने, मराठी कागदांत आणि पुढच्या काळातील मराठी इतिहासलेखनात ख्रिस्ती गोमंतकीयांना ‘बाटगे’ म्हणण्याची पद्धत बराच काळ निःसंकोच चालली. दुसऱ्याच्या दप्तरातील अपशब्द दाखवणारे आपल्या दप्तरातील हा शब्द सहसा दाखवत नाहीत.

या सगळ्या काळातील एका फर्मानाकडे आजच्या चर्चेत फारसे लक्ष जात नाही. माझ्या मते या विषयासाठी तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. २ एप्रिल १७६१ रोजी, पुढे मार्किस द पोंबाल म्हणून ओळखल्या गेलेल्या मंत्र्याच्या पुढाकाराने लिस्बनहून निघालेल्या या फर्मानाने असे ठरवले की राजा आपल्या प्रजाजनांत रंगावरून नव्हे तर गुणांवरून भेद करतो, आणि म्हणून आशिया व पूर्व आफ्रिकेतील बाप्तिस्मा घेतलेल्या प्रजेला पोर्तुगालात जन्मलेल्यांच्या बरोबरीचा दर्जा मिळावा. एवढ्यावर न थांबता, गोऱ्या पोर्तुगीजांनी या लोकांना ‘नेग्रो’ (काळा), ‘मेस्तिसो’ (मिश्रवंशीय) किंवा तशीच अन्य अपमानकारक नावे देऊन हाक मारणे हा त्याने गुन्हा ठरवला. वरिष्ठांनी कनिष्ठांना कोणत्या शब्दांनी संबोधू नये हे राज्यसत्तेने कायद्याने सांगण्याचे गोव्याच्या इतिहासातील हे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. पुढे १७७३ मध्ये खुद्द पोर्तुगालात ‘नवे ख्रिस्ती’ (धर्मांतरित ज्यू व त्यांचे वंशज) आणि ‘जुने ख्रिस्ती’ हा भेद कायद्याने रद्द होऊन त्या शब्दांच्या वापरावरही बंदी आली, म्हणजे शब्दावर बंदी घालून भेद मिटवण्याचा हा मार्ग त्या राजवटीने एकदाच अवलंबलेला नव्हता.

या फर्मानाचे मोल काय, यावर एकमत नाही. एक बाजू त्याच्याकडे वर्णभेदाविरुद्धचे काळाच्या पुढचे पाऊल म्हणून पाहते. दुसरी बाजू असे दाखवते की १७५९ मध्ये जेझुइट पंथाच्या धर्मगुरूंना पोर्तुगीज मुलखातून हाकलल्यानंतर त्यांच्या जागी देशी धर्मगुरूंची आणि अधिकाऱ्यांची गरज निर्माण झाली होती, आणि ज्यांच्या हाती काम सोपवायचे त्यांना चारचौघांत हिणवले जाणे कारभाराला परवडणारे नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पण फर्मानाचा मजकूर पाहिला की त्याची हद्द कुठे संपते हे लपत नाही: संरक्षण होते ते बाप्तिस्मा घेतलेल्यांना. दोनच वर्षांनी, १७६३ पासून, फोंड्यासारखे हिंदूबहुल महाल पोर्तुगीज अमलाखाली येऊ लागले आणि ‘नव्या काबिजादीं’ची, म्हणजे नव्याने जिंकलेल्या मुलखाची, सुरुवात झाली. तेथील रयतेला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली, तरी दप्तरातला तिचा उल्लेख ‘जेंतियु’ असाच राहिला. अपमानाची व्याख्या करणाऱ्याच्या लेखी त्या शब्दात अपमान नव्हता.

अंमलबजावणीची कथा याहून बोलकी आहे. गोव्यातील वरिष्ठ अधिकारी आणि धर्मसत्ता यांनी हे फर्मान तब्बल तेरा वर्षे थंड्या बस्त्यात ठेवले. १७७४ मध्ये लिस्बनहून नव्या गव्हर्नरासोबत आणि आर्चबिशपसोबत सक्त सूचना आल्या, तेव्हा कुठे त्याची दखल घेतली गेली. त्याच वर्षी इन्क्विझिशनही बंद झाले, पण पोंबालची सत्ता गेल्यावर १७७८ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि १८१२ पर्यंत चालले. १७८७ मध्ये ‘पिंटोंचे बंड’ म्हणून ओळखला जाणारा कट उघडकीस आला, त्यात देशी पाद्री पुढे होते आणि वरच्या जागा केवळ रंगामुळे नाकारल्या जातात ही त्यांची मुख्य तक्रार होती. अपशब्दांवर बंदी येऊन तोवर २६ वर्षे झाली होती.

आजच्या वादाच्या दृष्टीने यात एक पेच दडलेला आहे. ज्या शब्दांना मनाई करायची ते शब्द फर्मानात लिहावे लागले. त्यामुळे १७६१ चे हे फर्मान कोणी शब्दशः समाजमाध्यमावर टाकले, तर केवळ शब्दांची यादी पाहून चालणाऱ्या यंत्रणेला तो वर्णद्वेषी मजकूर दिसेल.

यानंतरचा दीडशे वर्षांचा काळ या विषयापुरता थोडक्यात आटोपता येतो. पोर्तुगालातील प्रजासत्ताकाने १९११ मध्ये चर्च आणि राज्य वेगळे केले, हिंदूंना मोकळेपणाने वृत्तपत्रे काढता येऊ लागली आणि मराठी पत्रांतून इन्क्विझिशनचा इतिहास चर्चेला आला. १९२६ नंतरच्या हुकूमशाहीत मात्र वृत्तपत्रातील मजकूर छापण्यापूर्वी सेन्सॉरच्या नजरेखालून जाऊ लागला. त्या सेन्सॉरला द्वेषाशी कर्तव्य नव्हते, राजवटीवरील टीकेशी होते. मजकूर नियमनाविषयी गोव्यातील जुन्या पिढीच्या मनात जो संशय आहे त्याचे मूळ येथे आहे, आणि तो संशय अनाठायी म्हणता येत नाही.

१९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतर भारतीय कायदे गोव्यात लागू झाले. त्यांपैकी दोन कलमे येथे महत्त्वाची ठरतात: समाजगटांत वैर पसरवण्याविषयीचे १५३अ आणि धार्मिक भावना दुखावण्याविषयीचे, १९२७ साली दंडसंहितेत आलेले २९५अ. १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी भारतीय न्याय संहितेची १९६ व २९९ ही कलमे आहेत. २९५अ मध्ये ‘हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने’ केलेले कृत्य अपेक्षित आहे, म्हणजे कायदा निदान कागदावर तरी शब्दामागचा हेतू विचारतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने घातलेल्या ६६अ कलमात ‘त्रासदायक’, ‘अत्यंत आक्षेपार्ह’ अशा सैल शब्दांवर गुन्हा उभा राहत होता. गोव्यातही मे २०१४ मध्ये एका अभियंत्यावर फेसबुकवरील राजकीय मजकुरावरून या कलमासह गुन्हा नोंदवण्यात आला. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६६अ घटनाबाह्य ठरवले आणि न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावरच मजकूर हटवण्याची जबाबदारी कंपन्यांवर येते, असेही त्याच निकालात स्पष्ट केले.

कंपन्यांचे स्वतःचे नियम हा या कायद्याहून निराळा प्रांत आहे, आणि जुन्या कागदांचा खरा प्रश्न तेथेच येतो. फेसबुकने आपली सविस्तर अंतर्गत मार्गदर्शक तत्त्वे एप्रिल २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत अमेरिकेत एक प्रकरण घडले. टेक्सासमधील एका छोट्या वृत्तपत्राने ४ जुलैच्या निमित्ताने १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा फेसबुकवर बारा तुकड्यांत द्यायला घेतला होता. नऊ तुकडे सुरळीत गेले, पण दहाव्यात मूलनिवासींना ‘निर्दय रानटी’ म्हणणारी ओळ होती आणि तो तुकडा द्वेषमूलक म्हणून काढून टाकण्यात आला. थोड्याच वेळात कंपनीने चूक मान्य करून मजकूर परत लावला. या प्रकरणावर हसून पुढे जाणे सोपे आहे. मात्र ती ओळ मूलनिवासींविषयी खरोखरच द्वेषमूलक आहे, हेही तितकेच खरे आहे. यंत्रणेने शब्द बरोबर ओळखला होता. तो कोणी, कधी आणि कशासाठी लिहिला व आज कोण कशासाठी वाचतो आहे, हे तिला कळण्याचा मार्ग नव्हता.

दुसऱ्याचा द्वेषमूलक मजकूर निषेधासाठी किंवा जागृतीसाठी देता येतो, अशी सवलत त्या कंपनीच्या धोरणात आहे, पण तसा हेतू देणाऱ्याने स्पष्ट दाखवावा अशी अट आहे. अभिलेखागारांनी वेगळी वाट धरली: अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०२१ मध्ये आपल्या ऑनलाइन सूचीवर अपायकारक भाषेची सूचना लावली आणि मूळ कागद जसाच्या तसा ठेवला. त्या सूचनेवरही टीका झाली, तरी कागद गायब होण्यापेक्षा त्याच्यावर दोन ओळींची सूचना असणे केव्हाही बरे, असे अभ्यासकांच्या बाजूने म्हणावेसे वाटते. जानेवारी २०२५ मध्ये फेसबुकच्या मूळ कंपनीने द्वेषमूलक मजकुराचे नियम बरेच सैल केले, आणि आता तक्रारींचा रोख मजकूर उगाच हटवला जातो याऐवजी तो हटवलाच जात नाही याकडे वळला आहे.

गोव्यात हा दुसरा प्रकार भाषेमुळे अधिक जाणवतो. येथील संभाषण कोकणी देवनागरीत, कोकणी रोमीत (रोमन लिपीत), मराठी देवनागरीत आणि मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठीत, अनेकदा एकाच वाक्यात मिसळून चालते. ‘घाटी’ हा शब्द महाराष्ट्र-कर्नाटकाकडून आलेल्या मजुराला उद्देशून कसा वापरला जातो, ‘भायले’ (बाहेरचे) हा साधा शब्द कोणत्या वाक्यात शिवी होतो, आणि ‘पाकले’ (गोरे, पोर्तुगीज) म्हणताना थट्टा आहे की तिरस्कार, हे गोव्यात राहणाऱ्याला लगेच कळते. १९८५ ते १९८७ च्या राजभाषा आंदोलनाच्या काळात कोकणीवादी आणि मराठीवादी यांनी एकमेकांना दिलेली शेलकी विशेषणे आजही नव्या भांडणांत जशीच्या तशी वर येतात. त्यांतील बहुतेक कोणत्याही कोशात अपशब्द म्हणून नोंदलेली नाहीत.

अलीकडच्या प्रकरणांत इतिहास आणि श्रद्धा यांची गाठ अधिकच घट्ट झाली आहे. २०२३ मध्ये एका धर्मगुरूच्या प्रवचनातील शिवछत्रपतींविषयीच्या विधानाची चित्रफीत पसरली आणि गुन्हा नोंदवला गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये, जुन्या गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियर यांचे शवप्रदर्शन (जतन केलेल्या अवशेषांचे जाहीर दर्शन) दीड महिन्यावर आले असताना, एका संघटनेच्या माजी नेत्याच्या त्या अवशेषांविषयीच्या विधानावरून निदर्शने झाली आणि तेथेही गुन्हा नोंदवला गेला. दोन्ही वेळा बाजू घेणाऱ्यांनी पुराव्यादाखल जुने कागद पुढे केले, काहींनी संदर्भासह, पुष्कळांनी संदर्भाविना. त्याआधी २८ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने द्वेषमूलक वक्तव्यांवर तक्रारीची वाट न पाहता गुन्हे नोंदवण्याचा आपला आदेश सर्व राज्यांना लागू केलेला होता, त्यामुळे पोलिसांपुढील निवडीचा अवकाशही आक्रसला आहे.

हटवलेल्या मजकुराविषयी दाद मागण्याची रीत २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी घालून दिली आहे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि मूळ नियमांनुसार १५ दिवसांत, तर फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीनंतर ७ दिवसांत निर्णय द्यायचा. तो मान्य नसेल तर २०२२ च्या दुरुस्तीनुसार ३० दिवसांच्या आत केंद्राने नेमलेल्या अपील समितीकडे जाता येते. १७३६ च्या जाहीरनाम्याचा उतारा हटवला गेला तर गोव्यातील वापरकर्त्याला याच वाटेने जावे लागेल, आणि मजकूर ऐतिहासिक दस्तऐवजातील आहे एवढ्यावरून त्याला वेगळी वागणूक द्यावी, असा कोणताही निकष या नियमांत नाही.