कंटेम्प्च्युअस आणि कंटेम्प्टिबल: तुच्छ लेखणारा कोण, तुच्छ कोण?

इंदूरच्या सराफ्यातली रात्री दहाची गर्दी. एक गिऱ्हाईक भुट्ट्याचा कीस संपवतं, रिकामा दोना गाडीवरच टाकतं आणि विक्रेत्याकडे ढुंकूनही न बघता त्याच्यापुढे नोट भिरकावतं. हे भिरकावणं इंग्रजीत कंटेम्प्च्युअस (contemptuous). तेच गिऱ्हाईक पैसे न देता सटकलं आणि पकडल्यावर त्याने शेजारच्या पोरावर आळ घेतला, तर ते वागणं कंटेम्प्टिबल (contemptible). पहिला शब्द दुसऱ्याला कस्पटासमान लेखणाऱ्यासाठी, दुसरा तसं लेखण्याच्याच लायकीच्या माणसासाठी किंवा कृत्यासाठी.

दोन्ही शब्द ‘कंटेम्प्ट’ म्हणजे तुच्छता या शब्दापासून निघाले, म्हणून गल्लत होते. इंदूरला तिच्यात हिंदीची भर पडते. शाळेत अर्थ पाठ होतात ते हिंदीतून: एकाचा ‘तिरस्कारपूर्ण’, दुसऱ्याचा ‘घृणित’. मराठी कानाला घृणा म्हणजे किळस. पण कंटेम्प्टिबल माणूस ओंगळ असतोच असं नाही. तो स्वच्छ कपड्यांतला, गोड बोलणाराही असू शकतो. त्याला आपल्याकडचे नेमके शब्द म्हणजे हलकट, नीच, आणि सभ्य भाषेत तिरस्करणीय.

या ‘तिरस्करणीय’मधल्या ‘-णीय’कडे नीट बघा. पूजनीय म्हणजे पूजा करण्याजोगा, पूजा करणारा नव्हे. इंग्रजीतला ‘-इबल’ हेच काम करतो: व्हिजिबल म्हणजे दिसण्याजोगं. म्हणून वाक्यात ‘तिरस्कार करण्याजोगा’ घालून बघायचं. बसलं तर कंटेम्प्टिबल. ‘तुच्छतेने भरलेला’ बसलं तर कंटेम्प्च्युअस.

इथे तिसराच एक शब्द घोटाळा करतो, आणि त्यातून माणसावर अन्याय होतो. ‘तिरस्कृत’ म्हणजे ज्याचा तिरस्कार झाला तो. त्यात त्याचा दोष असेलच असं नाही. गावाने वाळीत टाकलेल्या कुटुंबाला इंग्रजीत कंटेम्प्टिबल म्हटलं, तर गावाचा निवाडा आपणही मान्य केल्यासारखं होतं. तिथे ‘डिस्पाइज्ड’ हवं. अनुवादात ही चूक चटकन नजरेला येत नाही, कारण व्याकरणाने वाक्य बरोबरच असतं.

सोबतीची नामंही ठरलेली आहेत. लुक, स्माइल, टोन, सायलेन्स यांच्याआधी बहुधा कंटेम्प्च्युअस येतं, कारण तुच्छता चेहऱ्यातून, आवाजातून बाहेर पडते. राग नव्हे: रागात माणूस समोरच्याला मोजतो तरी, तुच्छतेत मोजतच नाही; ओठाचा एकच कोपरा वर जातो आणि संपलं. ट्रिक, लाय, कावर्ड यांच्याआधी कंटेम्प्टिबल.

‘ऑफ’ मात्र दोघांनाही लागतं, आणि तिथेच खरी मेख आहे. ‘ही इज कंटेम्प्च्युअस ऑफ रूल्स’: तो नियमांना किंमत देत नाही. इथे ‘ऑफ’नंतर येतं ते ज्याला तुच्छ लेखलं ते. ‘इट वॉज कंटेम्प्टिबल ऑफ हिम टु लाय’: खोटं बोलणं हा त्याचा नीचपणा. इथे ‘ऑफ’नंतर येतो तो स्वतः करणारा. दिशा पूर्ण उलटी.

कंटेम्प्टिबल शब्दाचा एक गाजलेला वापर पहिल्या महायुद्धातला, 1914 चा. कैसरने म्हणजे जर्मन सम्राटाने ब्रिटिशांच्या छोट्या फौजेला ‘कंटेम्प्टिबल’ म्हटल्याची बातमी पसरली, आणि त्या शिपायांनी ‘ओल्ड कंटेम्प्टिबल्स’ हेच नाव अभिमानाने मिरवलं. तिथे ‘कंटेम्प्च्युअस’ असतं तर फौज शत्रूला तुच्छ लेखते असा अर्थ झाला असता आणि शिवीतली शिवीच गेली असती.

इंदूरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, त्यामुळे मूळ ‘कंटेम्प्ट’ हा शब्द इथे अर्जांतही भेटतो. हिंदीत ‘अवमानना’, मराठीत ‘न्यायालयाचा अवमान’. 1971 च्या कायद्यात आदेशाचं जाणूनबुजून उल्लंघन हा दिवाणी अवमान आहे. त्याला नाक मुरडणं, कुत्सित हसणं लागत नाही. म्हणून ‘कंटेम्प्च्युअस कंडक्ट’चा मराठी अनुवाद ‘अवमानकारक वर्तन’ असा करावा. इंग्रजीतच त्याजागी ‘कंटेम्प्टिबल कंडक्ट’ लिहिलं, तर आदेश मोडल्याचा आरोप बाजूला पडतो आणि समोरच्याला नीच म्हटल्यासारखं होतं.

नकारार्थी वापर वेगळा ठेवा. ‘नो कंटेम्प्टिबल अचीव्हमेंट’ म्हणजे काही थोडीथोडकी कामगिरी नव्हे. ही स्तुती आहे. शब्दशः ‘तिरस्करणीय नसलेली’ लिहिलं तर वाचणारा अडखळतो.

उच्चारात दोन्हींचा जोर ‘टेम्’वर, आणि ‘प्’ जवळजवळ ऐकूच येत नाही. स्पेलिंगमध्ये कंटेम्प्च्युअसचा पहिला ‘यू’ हमखास गळतो: ‘टी’नंतर ‘यू’, मग ‘ओ’, पुन्हा ‘यू’, शेवटी ‘एस’. कंटेम्प्टिबलमध्ये ‘टी’नंतर ‘आय’ लिहायचा, ‘ए’ नाही.