उमेदवार कुणाच्यातला?

सोलापुरात नवा माणूस भेटला की नुसत्या नावावर भागत नाही. आडनाव, मूळ गाव, घरात कोणती भाषा बोलतात, इथपर्यंत चौकशी झाल्याशिवाय ओळख पटत नाही. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, आणि शहरभर मराठी-उर्दू. आता समजा, महापालिकेला एक मुलगी उभी आहे. आई तेलुगू विणकरांच्या पद्मशाली समाजातली, वडील कन्नड लिंगायत. पत्रक हातात घेताच मतदार विचारणार, ''ही कुणाच्यातली?''

या प्रश्नात लगेच खोट काढू नये. प्रत्येक उमेदवाराचं काम तपासायला कुणाकडे वेळ असतो? मन जवळची खूण धरतं आणि पुढे जातं. पण खुणा दोन असल्या की मन कोणती धरतं, हे पाहण्यासारखं आहे.

मिश्र वंशाच्या उमेदवारांबाबत अमेरिकेत याचा बराच अभ्यास झाला. तिथला वंश म्हणजे आपली जात नव्हे. तिथे आधी रंग दिसतो, इथे आधी आडनाव ऐकू येतं. व्हर्जिनिया राज्याच्या १९२४ च्या कायद्याने गोऱ्या माणसाची व्याख्या इतकी कडक केली होती, की पूर्वजांत कृष्णवर्णीयाचा अंश निघाला तरी माणूस गोरा उरत नसे. आंतरवंशीय विवाहावरची बंदी १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उठवली. नजरेतली सवय मात्र राहिली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संगणकावर दोन वंशांचे चेहरे कमीजास्त प्रमाणात मिसळून दाखवले. अर्धा-अर्धा वारसा असलेल्या माणसाला लोक अल्पसंख्य गटाच्या बाजूला ढकलत होते.

मला खरा हादरा दिला तो २००९ च्या प्रयोगांनी. संशोधक युजीन कारुसो आणि सहकाऱ्यांनी मिश्र वंशाच्या उमेदवाराचे फोटो घेतले. काहींत त्वचा उजळ केली, काहींत गडद. विचारलं एवढंच : यातला कोणता फोटो त्याचं खरं रूप दाखवतो? हा उमेदवार आपल्याच मताचा आहे असं ज्यांना वाटलं, त्यांनी उजळ फोटोला झुकतं माप दिलं. विरुद्ध मताचा वाटला त्यांनी गडद फोटोला. बराक ओबामांच्या फोटोंबाबतही तेच. उजळ फोटो खरा मानणाऱ्यांचा कल ओबामांना मत देण्याकडे जास्त होता. आपण समजतो, आधी रूप दिसतं आणि मग मत बनतं. इथे मतच डोळ्यांत जाऊन बसलं होतं! सहभागी लोक खोटं बोलत होते असं नाही, त्यांना तसंच दिसत असावं. म्हणून ही गोष्ट मला इतकी गंभीर वाटते.

उमेदवार स्वतःला काय म्हणवतो, याला त्यामुळे मर्यादा पडते. ओबामांची आई गोरी, वडील केनियाचे. २०१० च्या जनगणनेत एकाहून अधिक वंश नोंदवायची सोय असूनही त्यांनी 'कृष्णवर्णीय' एवढंच नोंदवलं. कमला हॅरिस यांची आई चेन्नईची, वडील जमैकाचे. २०२४ च्या प्रचारात डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यांच्या कृष्णवर्णीय असण्यावरच शंका घेतली.

'आपला' ही रेघ जागेनुसारही सरकते. चेवा आणि तुंबुका हे दोन समाज आफ्रिकेतल्या मलावी आणि झांबिया या दोन्ही देशांत राहतात. राज्यशास्त्रज्ञ डॅनियल पोस्नर यांनी २००४ मध्ये दाखवून दिलं, की मलावीत ते एकमेकांचे राजकीय विरोधक आहेत, तर सीमेपलीकडे झांबियात मित्र. मलावीत दोन्ही गट स्वतंत्र मतपेढी व्हावेत इतके मोठे. झांबियात लहान, म्हणून दोघे मिळून 'पूर्वेकडचे' होतात. सोलापूरकरांना हे सांगायला नको. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा हे वेगवेगळ्या समाजांतले चौघे इंग्रजी राजवटीत १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेले. या शहराच्या तोंडी ते 'चार हुतात्मे' आहेत.

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातला, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग तर आपल्या घरचा वाटावा. तिथे काही आडनावांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं असतं, म्हणजे ती माणसं एकमेकांची हक्काने थट्टा करतात. उमेदवाराचं भाषण तेच ठेवून फक्त आडनाव बदललं. परक्या जमातीचा, पण थट्टेच्या नात्यातला उमेदवार मतदारांना जवळपास स्वजातीयाइतकाच पसंत पडला. नात्याचा एक धागा जमातीची रेघ ओलांडून गेला होता.

आपली ती मुलगी विडी कारखान्याबाहेर माल द्यायला बसलेल्या बाईला ''अक्का'' म्हणेल. ती हाक तेलुगूत दिली, कन्नडमध्ये की मराठीत, हे त्या बाईलाही सांगता येणार नाही.